सकाळी अकरा वाजता घरी कोण असतं?

पुण्यातल्या माझ्या दवाखान्यात सोबत कुत्रा न घेता येणारी माणसंही बरीच असतात. कुत्रा अजून घरी यायचा असतो. मोबाइलमध्ये चार-पाच पिल्लांचे फोटो असतात आणि प्रश्न एकच असतो, ‘डॉक्टर, कोणतं ब्रीड घेऊ?’ असं आधी विचारायला येणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण बहुतेक जण पिल्लू घरी आणल्यावर येतात. तोवर निवड होऊन गेलेली असते, आणि ती चुकली असेल तर पुढची दहा-बारा वर्षं त्याची किंमत त्या मुक्या जिवाला मोजावी लागते. इतक्या वर्षांत अशा कुटुंबांशी बोलताना जे उमगलं ते इथे लिहिते आहे.

१. आधी घराची चौकशी, मग कुत्र्याची

आता मी जातीचं नाव शेवटी सांगते. आधी विचारते, सकाळी अकरा वाजता घरी कोण असतं? जुलैच्या पावसात सहा वाजता त्याला खाली कोण नेणार? घर कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, वीज गेल्यावर ती चालते का? घरात रांगतं मूल आहे का? गुडघे बदललेले किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारे आजोबा आहेत का? अंगावर उडी मारणारा तीस किलोचा कुत्रा अशा घरात किती धोक्याचा, हे कुणी आधी सांगत नाही.

उत्तरं बहुधा बाबा देतात, नाहीतर बारा-तेरा वर्षांचा मुलगा. ‘मी फिरवणार, मी खायला घालणार, मी शी उचलणार.’ तो खोटं बोलत नसतो, त्या क्षणी त्याला तसंच वाटत असतं. पण जून उजाडला की शाळा, क्लास आणि क्रिकेट सुरू होतं. म्हणून मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसलेल्या बाईकडे वळते. ती आई असते, कधी आजी. ‘तुम्हाला हवाय का कुत्रा?’ असं विचारलं की बऱ्याचदा आधी डोळ्यांत पाणी येतं आणि मग उत्तर येतं. एका आईने सांगितलं होतं, ‘मला कुत्री आवडतात हो, पण माझ्या दिवसात आता जागाच नाही.’ त्या घरासाठी हस्की शोधायला आलेल्या माणसाने बायकोच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं. ज्याच्या अंगावर काम पडणार आहे त्याचा होकार मिळेपर्यंत जातीची चर्चा सुरूच करायची नाही, हे मी तेव्हापासून पाळते आहे.

सगळे तयार असतील तर त्यांना महिनाभर एक काम सांगते. कुत्रा न आणता रोज सकाळी अर्धा तास आणि रात्री अर्धा तास चालायचं. पाऊस असो, पाहुणे असोत, कुणाची परीक्षा असो. महिन्यानंतर जे परत येतात त्यांच्याशी पुढचं बोलणं फार सोपं जातं.

२. जात म्हणजे तिला नेमून दिलेलं काम

माणसाने कुत्र्यांच्या बहुतेक जाती कामासाठी घडवल्या. शोभेसाठी घडवलेल्या थोड्या. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात कोळ्यांना मदत करायचे. बीगल सशाच्या वासावर तासन्‌तास धावायचा आणि मागच्या शिकाऱ्याला कळावं म्हणून ओरडायचा. डॅक्सहुंडचे आखूड पाय आणि लांब अंग बिळात शिरायला. रॉटवायलर जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांची गुरं हाकायचा, त्यांच्या गाड्या ओढायचा. जर्मन शेफर्डची जात माक्स फॉन श्टेफानिट्स या लष्करी अधिकाऱ्याने १८९९ साली पद्धतशीर बांधायला घेतली, तीही मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांमधून.

ते काम आता उरलेलं नाही, पण त्याची ओढ अंगात तशीच आहे. बीगल सोसायटीच्या बागेत नाक जमिनीला लावून निघाला की हाक त्याच्या कानावर पडतच नाही. मालक म्हणतात हट्टी आहे. तो हट्टी नाही, कामावर आहे. घरी एकटा राहिला की लांब सूर काढून रडतो आणि खालच्या मजल्यावरून तक्रार येते.

सध्या सगळ्यात जास्त काळजी मला बेल्जियन मॅलिन्वाची वाटते. कमांडोंबरोबरचे त्याचे व्हिडिओ पाहून तरुण मुलं तो मागतात. आयटीतलं एक जोडपं दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मॅलिन्वा घेऊन राहत होतं. दोघंही सकाळी नऊला बाहेर. कुत्र्याने दाराची चौकट कुरतडली, भिंतीचा गिलावा खरवडला, शेवटी स्वतःची शेपटी चावून रक्तबंबाळ केली. त्याला औषधाची नाही, कामाची गरज होती. पोलिसांचा किंवा लष्कराचा कुत्रा रोज तालमीत असतो आणि त्याच्यासाठी नेमलेला माणूस असतो. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या झंजीर या लॅब्रॅडॉरने स्फोटकं शोधून असंख्य जीव वाचवले. पुण्यात प्रशिक्षण घेतलेला तो कुत्रा मुंबईकरांना अजून आठवतो. जातीचा गुण त्याच्यात होताच, पण त्यामागे रोजचा सराव आणि सांभाळणाऱ्या माणसाचे कष्टही तितकेच होते.

म्हणून विचारते, हे काम तुम्ही त्याला कसं देणार? वास काढायचे खेळ, चेंडू आणून देणं, लांब फिरणं, नवं शिकवणं, काहीही चालेल, पण रोज.

३. थंड प्रदेशातलं जनावर इथे सुखी नसतं

हस्की हा सायबेरियातल्या चुकची लोकांचा घसरगाडी ओढणारा कुत्रा. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. पुण्याच्या एप्रिलमध्ये तो फरशीवर पोट टेकून दिवसभर धापा टाकतो. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या मे महिन्याबद्दल तर बोलायलाच नको. ‘एसी लावतो ना’ असं लोक सांगतात. पण एसीच्या खोलीत डांबलेल्या, मैलोन्‌मैल धावण्यासाठी जन्मलेल्या जनावराला सुखी कसं म्हणायचं? उन्हाळ्यात त्याचे केस भादरूनही आणतात. त्याने चटके जास्त बसतात, कारण तो वरचा थर उन्हापासूनही राखतो. सेंट बर्नार्ड, अलास्कन मॅलम्यूट, चाऊ चाऊ यांनाही हेच लागू. हस्की कोणता घ्यावा असं विचारणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, महाराष्ट्रात राहत असाल तर कोणताच नको.

पावसाळ्याचा विचार तर जवळजवळ कुणीच करत नाही. गोल्डन रिट्रीव्हर आणि शिह त्झू कोकणात किंवा मुंबईत ठेवले की चार महिने केस मुळाशी ओले राहतात. कातडीला बुरशी लागते, लोंबत्या कानात पू होतो. रोज पुसून, वाळवून, विंचरून काढणारा माणूस घरात असेल तरच लांब केसांचा कुत्रा घ्यावा. गोचीड तर कुठल्याच जातीला सोडत नाही, पण दाट केसांत ती दिसते उशिरा. गोचिडीचा ताप आमच्याकडे वर्षभर असतो. रक्तातल्या पेशी इतक्या खाली येतात की धडधाकट कुत्रा आठवड्यात उभा राहीनासा होतो.

४. चपट्या नाकाची माया

२००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे चालणारा पग साऱ्या देशाने पाहिला आणि घरोघरी पग आले. स्वभावाने फार गोड कुत्रा. पण तोंड चपटं करत नेताना आतली श्वासाची वाट अरुंद झाली. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धाप टाकूनच तो अंग थंड करतो. ज्याला नीट श्वासच घेता येत नाही त्याने काय करायचं? दुपारी तीनला फिरवून आणलेला, जीभ निळी पडलेला पग टेबलावर घेताना माझे हात आजही कापतात. मालक सांगतात, ‘घोरतो किती गोड!’ ते घोरणं म्हणजे दम कोंडणं असतं. फ्रेंच बुलडॉगच्या माद्यांना तर बहुतेक वेळा पोट कापूनच प्रसूत करावं लागतं. ज्यांच्याकडे हे कुत्रे आहेत त्यांनी त्यांना जिवापाड जपावं, सडपातळ ठेवावं. नव्याने घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

५. लॅब्रॅडॉर हे सगळ्याच प्रश्नांचं उत्तर नाही

‘मग लॅबच घेतो, तो सगळ्यांना चालतो.’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यासाठी वेगळा मुद्दा करायला हवा. लॅब्रॅडॉर प्रेमळ आहे, शिकायला हुशार आहे, मुलांत रमतो. पण पहिली दोन वर्षं तो तोंडाने जगतो. चपला, सोफा, अभ्यासाची वही, सगळं त्याचंच. केस बारा महिने गळतात आणि डाळीच्या डब्यातही सापडतात. आणि भूक! केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की लॅब्रॅडॉरांपैकी साधारण चौथ्या हिश्शात एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे त्यांची भूक अधिक असते. आपल्याकडे अशा कुत्र्यासमोर तूप लावलेली पोळी घेऊन आजी बसलेली असते. तिचं प्रेम खरं आहे, म्हणूनच तिला बाजूला घेऊन समजवावं लागतं. पाच वर्षांचा, पंचेचाळीस किलोचा लॅब्रॅडॉर कंबरेच्या सांध्यांच्या दुखण्याने जिने चढू शकत नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर असतं. त्याला उचलणार कोण?

लॅब किंवा जर्मन शेफर्ड घ्यायचाच असेल तर पिल्लाच्या आई-वडिलांच्या कंबरेच्या सांध्याचे एक्स-रे मागा. खरा ब्रीडर ते दाखवतो, आणि रागावत नाही.

६. घर शाकाहारी असेल तर

हा प्रश्न लोक अगदी संकोचत विचारतात, संकोच कशाला? माणसाच्या सहवासात कुत्र्याला पिठूळ अन्न पचवण्याची ताकद आली, लांडग्याहून कितीतरी जास्त. २०१३ साली त्यामागची जनुकंही दाखवली गेली. म्हणून आपल्या गावातली कुत्री शतकानुशतकं भाकरीवर जगली. पण नुसता दूध-पोळीचा काला हा आहार नाही. अंडं चालत असेल तर बरंच सोपं होतं. तेही नको असेल तर तयार संतुलित खाद्य द्यावं आणि ग्रेट डेनसारखी झपाट्याने वाढणारी मोठी जात टाळावी. कांदा-लसूण घातलेली आमटी, चॉकलेट आणि प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे, हे मात्र कुठल्याही घरात कुत्र्याला विषच.

७. जातीपेक्षा पिल्लू कुठून आलं ते पाहा

२०२२ साली ‘सायन्स’मध्ये अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के भाग जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. दुसऱ्या मुद्द्यात मी जातीच्या कामाबद्दल इतकं लिहिलं, त्याच्याशी हे विसंगत वाटेल. वास काढणं, राखणं, आणून देणं, लांब सूर लावणं ही ओढ जातीतून बरीच येते. पण कुत्रा मायाळू निघेल की चावरा, भित्रा की धीट, हे त्याच्या आई-वडिलांवर आणि पहिल्या तीन महिन्यांवर फार अवलंबून असतं. तीन ते बारा आठवड्यांच्या वयात पिल्लाने जे पाहिलं, ऐकलं, हुंगलं, त्याची भीती त्याला पुढे सहसा वाटत नाही. कुकरची शिट्टी, काठी टेकत येणारे आजोबा, रिक्षा, लहान मुलांचा गलका, सगळं याच वयात ओळखीचं व्हायला हवं.

आणि याच वयात आमच्याकडे काय होतं? महिन्याचं पिल्लू आईपासून तोडून, जाळीच्या पिंजऱ्यात घालून, एसटीच्या नाहीतर खासगी बसच्या डिकीतून रातोरात पाठवलं जातं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी रक्ताची हगवण लागते. ती पार्व्हो विषाणूची असते. मुलांनी नाव ठेवून झालेलं असतं. अशा रात्री मला सगळ्यात जड जातात.

प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आले. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे असावी लागते. ती नोंदणी दाखवा म्हणावं. ‘केसीआय पेपरवाला आहे’ एवढ्यावर भुलू नये. केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, त्याचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. त्या कागदावरचा मायक्रोचिपचा नंबर पिल्लाच्या अंगातल्या चिपशी जुळतो का, ते तपासून घ्यावं. आणि स्वतः जाऊन आईला भेटावं. ती जिथे राहते ती जागा पाहावी, तिच्या जवळ बसावं. ती माणसाला पाहून कोपऱ्यात दबत असेल तर पिल्लू कितीही गोजिरं असलं तरी उठून यावं. आई दाखवायला नकार देणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नये.

८. आपल्या मातीतली कुत्री

हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे. सोलापूर, लातूरकडे कारवान कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या आहे. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात त्याला मुधोळ म्हणतात, तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची निगा राखली. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. लष्करानेही मेरठच्या केंद्रात मुधोळ तयार केले. उन्हाला काटक, कातडीचे आजार कमी, अंगावर केस आखूड.

पण हौसेने फ्लॅटमध्ये आणावा असा तो नाही, हेही मी सांगते. तो नजरेने शिकार हेरणारा, वाऱ्यासारखा धावणारा कुत्रा आहे. पट्टा सुटला आणि समोर मांजर आलं तर तो परत वळत नाही. अंगाने मुळातच सडसडीत, म्हणून शेजारी विचारतात, ‘उपाशी ठेवता का त्याला?’ आणि मालक बिचारा चारून चारून त्याला बिघडवतो. शेत, मळा, कुंपण घातलेली मोकळी जागा असेल त्याने कारवान जरूर घ्यावा. साताऱ्या-सोलापुराकडच्या धनगरांबरोबर मेंढरांमागे चालणारी, लांडग्याला अडवणारी कुत्रीही अशीच. ती कामाची जनावरं, बंगल्याच्या फाटकाला बांधून वाया घालवू नयेत.

फ्लॅटमधल्या बहुतेक घरांना मी सुचवते तो साधा गावठी कुत्रा. हे नाव घेतलं की काही चेहरे पडतात. एवढा खर्च करायची तयारी असताना रस्त्यावरचा का, असं त्यांना वाटतं. मी त्यांना वजनाचा काटा आणि आजारांची फाइल दाखवते. मध्यम अंग, मध्यम भूक, आपल्याच हवेत घडलेली कातडी, आणि एका साच्यात बांधून न काढल्यामुळे जातिवंत कुत्र्यांचे ठरावीक वंशपरंपरागत आजार तुलनेने कमी. त्यालाही काही गोष्टी लागतात. तो सावध असतो, परक्यावर भुंकतो, आपली हद्द राखतो. फिरणं आणि माणसांची सवय लहानपणापासून हवी. नसबंदी आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, यात सूट नाही. पांढरा झुपकेदार स्पिट्झ, ज्याला आपण घरोघर पॉमेरेनियन म्हणतो, तोही इथल्या हवेला चांगला रुळलेला. भुंकतो फार, पण म्हाताऱ्या माणसांना सोबत उत्तम करतो.

९. सोसायटी आणि परवाना

थोडक्यात सांगते. सोसायटी ठराव करून कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. पण त्या कागदाच्या जोरावर भांडत राहिलात तर रोजचं फिरवणं कुत्र्यालाच जड होतं. शी उचला, लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा, महापालिकेचा परवाना काढा, लसीचं कार्ड सेक्रेटरींना आपणहून दाखवा. भीती वाटणाऱ्या शेजाऱ्याची भीती खरी असते, तिचा मान ठेवा.

१०. पिल्लूच कशाला हवं?

सत्तरीतलं एक जोडपं आलं होतं. मुलगा कॅलिफोर्नियात, मुलगी टोरांटोत. घर मोठं आणि शांत. काकांकडे तरुणपणी जर्मन शेफर्ड होता, आता त्यांना पुन्हा तोच हवा होता, तोही पिल्लू. शेफर्ड दोरी ओढतो तेव्हा तरुण माणूसही तोल सांभाळत चालतो. शिवाय पिल्लू बारा वर्षांचं होईल तेव्हा काका ब्याऐंशीचे. हे त्यांना सांगणं कठीण होतं, पण सांगितलं. काकू लगेच म्हणाल्या, ‘आणि नातवंडांसाठी सहा महिने तिकडे जातो तेव्हा?’

असे आई-बाबा आता पुण्यात, नाशकात, ठाण्यात घरोघर आहेत. कुत्र्याची सोबत त्यांना खरोखर औषधासारखी लागू पडते, मी ते पाहिलं आहे. त्यांना मी मोठा झालेला कुत्रा सुचवते, पाच-सहा वर्षांचा. शी-शूची सवय लागलेली असते, चावाचावी संपलेली असते, स्वभाव समोर दिसत असतो. बदली झाली, परदेशी गेले, बाळ झालं, म्हणून लोकांनी सोडलेले असे कितीतरी कुत्रे निवाऱ्यात वाट पाहत असतात. पहिल्यांदाच कुत्रा घेणाऱ्या तरुण जोडप्यांनाही माझा हाच सल्ला असतो. काका-काकूंनी शेवटी एक स्पिट्झ मादी आणली. मालक परदेशी गेल्यामुळे तिची जागा गेली होती. पहिले चार दिवस ती दाराकडे तोंड करून बसली, जेवली नाही. काका तिच्याशेजारी जमिनीवर पेपर वाचत बसायचे. पाचव्या दिवशी तिने त्यांच्या ताटातल्या भाकरीकडे पाहिलं.

वयाचा हिशेब सगळ्यांनीच करायचा असतो. ग्रेट डेन सात-आठ वर्षं जगतो, लॅब्रॅडॉर अकरा-बारा, लहान चणीचे कुत्रे चौदा-पंधरा. आज पाचवीत असलेली मुलगी तोवर नोकरीला लागलेली असेल. त्यामुळे नव्या कुत्र्याचं कार्ड भरताना मी मालकाच्या नावाखाली आणखी एक नाव लिहून घेते. तुम्हाला काही झालं, तुम्ही गावाला गेलात, तर याला कोण नेईल? बहीण, शेजारी, मित्र, कुणीही चालेल, फक्त त्या माणसाला आधी विचारलेलं असावं. काका-काकूंच्या कार्डावर समोरच्या फ्लॅटमधल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीचं नाव आहे, आणि ते गेल्या हिवाळ्यात टोरांटोला गेले तेव्हा लसीची तारीख तिनेच पाळली.